‘हाय’ की ‘नाय’: पुराच्या बोटीवर वॉकीटॉकीवर बोलायचं कसं

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एवढं पाणी आलं की वीज तोडावी लागते, मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि मंडळांच्या, ग्रामपंचायतींच्या कपाटातल्या वॉकीटॉकी बाहेर निघतात. सेट बहुतेक वेळा चालतात. फसतं ते बोलणं. चौघं एकदम बटण दाबतात, कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही, आणि ‘मारुती मंदिराजवळ या’ असं सांगितलं की बोट भलत्याच मारुतीकडे जाते.

समुद्रावरच्या लोकांनी हा घोळ फार पूर्वी निस्तरलाय. ‘मेडे’ हा संकटाचा शब्द १९२३ च्या सुमाराचा, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत तो जगभरासाठी ठरला. जहाजांवर बोलायची ठरावीक वाक्यं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये मंजूर केली. ती शिस्त नदीवर जशीच्या तशी उचलता येते. फक्त मराठीचे, आणि त्यातही सांगली-साताऱ्याच्या बोलीचे, काही खास खड्डे आहेत. त्यांची तयारी वेगळी करावी लागते.

सेट कोणता घ्यावा

पहिली गोष्ट: जहाजावरचा व्हीएचएफ सेट आणू नका. तो दिसतो दणकट, पाण्यात पडला तर काही प्रकार तरंगतातही, म्हणून मोह होतो. पण त्याचे चॅनेल सागरी सेवेसाठी राखून ठेवलेले आहेत. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा समुद्रावरचा हाकेचा आणि संकटाचा चॅनेल. मोठ्या सेटवर झाकणाखाली असलेलं लाल ‘डिस्ट्रेस’ बटण चॅनेल ७० वर आपोआप निरोप पाठवतं. सांगलीत ते दाबलं तर तटरक्षक दलापर्यंत काही पोचत नाही, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा आहे.

आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त सेट परवान्याशिवाय वापरता येतात. बाकीच्या बहुतेक फ्रिक्वेन्सी वापरायच्या तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे सेट म्हणूनच गोत्यात आणतात. चुकून पोलिसांच्या चॅनेलवर गेलात तर मदत राहिली बाजूला, अडथळाच व्हायचा. जिल्हा नियंत्रण कक्षाला (१०७७) पावसाळ्याआधीच कळवून ठेवा की आपल्याकडे किती सेट आहेत आणि ते कोणत्या चॅनेलवर आहेत.

पल्ला ताकदीपेक्षा उंचीवर ठरतो. एरियलची उंची मीटरमध्ये धरा, तिचं वर्गमूळ काढून चारने गुणा. तितक्या किलोमीटरवर त्याचं क्षितिज. बोटीत बसलेल्या माणसाचा सेट पाण्यापासून सव्वा मीटरवर असतो, म्हणजे साडेचार किलोमीटर. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, सोळा मीटरवर, तेच सोळा किलोमीटर. हे उघड्या पाण्याचे आकडे झाले. खणभाग किंवा गावभागासारख्या दाट वस्तीत सिमेंटच्या भिंती आणि पत्रे यातलं बरंच खाऊन टाकतात. तिथे कमी ताकदीचा सेट अर्धा-एक किलोमीटर गेला तरी पुष्कळ. म्हणून नियंत्रणाचा माणूस तळमजल्यावरच्या कार्यालयात टेबल मांडून बसवू नका. त्याला गच्चीवर पाठवा, पाऊस असेल तर जिन्याच्या खोलीच्या दारात.

बोटीवर सेट लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला लावा, एरियल उभी राहील असा. कमरेला लावला तर शरीर आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. आणि दोरीने बांधा. हा सल्ला सगळे ऐकतात आणि निम्मे विसरतात.

बटण

बोलण्याआधी तीन सेकंद ऐका. सेटवर टोन (सीटीसीएसएस) लावलेला असेल तर दुसऱ्या गटाचं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाही आणि चॅनेल रिकामा वाटतो. अशा वेळी ‘मॉनी’ बटण दाबून खात्री करा. मग बोलायचं बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, आणि बोलायला लागा. बोलून झाल्यावर पुन्हा मनात ‘एक’ म्हणा आणि मगच बोट उचला.

हा शेवटचा ‘एक’ मराठीत जास्त महत्त्वाचा आहे. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘बोट कर्नाळ रोडला पाठवायची नाही’ हे वाक्य अर्ध्या सेकंदाने कापलं गेलं की उरतं ‘बोट कर्नाळ रोडला पाठवायची’. अर्थ थेट उलटा. त्यामुळे रेडिओवर नकार वाक्याच्या तोंडाशी आणा आणि पुन्हा एकदा म्हणा: ‘नको. कर्नाळ रोडला बोट नको.’ कानाला विचित्र वाटतं, पण बोट चुकत नाही.

सेट तोंडापासून तीन बोटांवर, जरासा तिरका धरा. थेट समोर धरला की श्वासाचा फुसफुसाट जातो. ओरडू नका, मायक्रोफोनला झेपेल त्यापेक्षा मोठा आवाज आत फाटतो आणि पलीकडे नुसती खरखर पोचते. इंजिन चालू असेल तर बोलण्यापुरता थ्रॉटल कमी करा, वाऱ्याकडे पाठ करा.

दोघं एकदम बोलले तर काय होतं? एफएम सेटवर ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो, दुसरा साफ बुडतो, आणि बुडलेल्याला वाटतं आपला निरोप पोचला. दोन्ही सिग्नल सारखे असतील तर शिट्टीसारखा आवाज येतो. तो ऐकू आला की केंद्राने, म्हणजे गच्चीवरच्या नियंत्रणाच्या माणसाने, लगेच क्रम लावावा (हळकुंड, बेदाणा ही बोटींची नावं): ‘दोघं एकदम बोललात. हळकुंड आधी. बेदाणा थांबा.’ उत्तर न आलेला निरोप पोचलाच नाही, असं धरून चाला.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे दाबून राहिलेलं बटण. सेट कुणाच्या तरी मांडीखाली किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकतो आणि तासभर सगळ्यांना एकाच बोटीच्या इंजिनाची घरघर ऐकावी लागते. उपाय दोन. सेटमध्ये ‘टाइम-आउट’ ६० सेकंदांवर लावून ठेवा, म्हणजे मिनिटभराने प्रक्षेपण आपोआप तुटतं. आणि आधीच ठरवा की चॅनेल मिनिटभर अडला तर सगळ्यांनी पुढच्या चॅनेलवर जायचं आणि केंद्राने हजेरी घ्यायची. जो हजेरीला ओ देत नाही त्याचंच बटण अडकलंय.

नावं

प्रत्येक बोटीला एक नाव, आणि ते बोटीचं. त्यात बसलेल्या माणसाचं नाही. माणसं पाळीपाळीने बदलतात. ‘अण्णा’, ‘दादा’, ‘भाऊ’ अशा हाका रेडिओवर बंद. सांगलीत एका बोटीत तीन दादा असतात. ‘कृष्णा’ आणि ‘वारणा’ ही नावंही नकोत, नदीचा उल्लेख दर वाक्यात येतो. ‘शाळू’ चांगलं वाटतं, पण निवारे सगळे शाळांत असल्याने ‘शाळा’ आणि ‘शाळू’ची गफलत हमखास. ‘बेदाणा’, ‘हळकुंड’, ‘पिंपळ’ अशी तीन-चार अक्षरांची, एकमेकांशी यमक न जुळणारी नावं चांगली. नुसते आकडे दिलेत तर ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत फरक राहत नाही.

हाक आणि उत्तर

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. क्रम उलटा झाला तर ऐकणारा सावध होईपर्यंत त्याचं नाव निघून गेलेलं असतं. समुद्रावर नाव जास्तीत जास्त तीनदा घेतात. सिग्नल चांगला असेल तर एकदा पुरे. (खालचा ‘चौकोन’ नकाशावरचा, त्याबद्दल पुढे.)

‘बेदाणा, बेदाणा, केंद्र बोलतंय. ओव्हर.’
‘केंद्र, बेदाणा. बोला. ओव्हर.’
‘बेदाणा, सूचना: चौकोन र-चार ला जा. दुमजली घर, निळा पत्रा. माणसं पाच. ओव्हर.’
‘केंद्र, बेदाणा. सूचना मिळाली: चौकोन र-चार, दुमजली, निळा पत्रा, माणसं पाच. ओव्हर.’
‘बेदाणा, बरोबर. आउट.’

‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, तुमच्या उत्तराची वाट बघतोय. ‘आउट’ म्हणजे संवाद संपला, उत्तर नको. त्यामुळे सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ म्हणजे ‘बोला, पण बोलू नका’. ‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. ‘करतो’ असा नाही. आकडा किंवा ठिकाण असलेल्या कुठल्याही निरोपाला नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. तो वरच्यासारखा परत म्हणून दाखवायचा. सगळी प्रक्रिया विसरली आणि ही एक सवय राहिली तरी निम्म्या चुका जागीच पकडल्या जातात.

निरोपाआधी तो कसला आहे ते सांगायची जहाजांची पद्धत उत्तम आहे: सूचना, प्रश्न, उत्तर, इशारा, माहिती, विनंती. मराठीत प्रश्न नुसत्या सुरावर ठरतो. ‘माणसं उतरवली’ आणि ‘माणसं उतरवली?’ यांतला फरक खरखरीत जिरून जातो. ‘प्रश्न: माणसं उतरवली का?’ असं विचारलं की शंका उरत नाही.

चूक झाली तर ‘चूक. दुरुस्ती.’ म्हणून पूर्ण वाक्य नव्याने सांगा. ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा; ‘काय?’ आणि ‘हॅलो हॅलो’ नको. वेळ हवा असेल तर ‘थांबा’. आणि ‘माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ जत्रेच्या मांडवात शोभतं. सेट तपासायचा तर एकदाच: ‘केंद्र, पिंपळ. आवाज कसा? ओव्हर.’ उत्तर ‘स्वच्छ’, ‘तुटक’ किंवा ‘अस्पष्ट’.

हाय, नाय आणि दहा-बारा

आता आपल्या बोलीचा खड्डा. ‘गच्चीवर माणसं हाय’ आणि ‘गच्चीवर माणसं नाय’ ही दोन वाक्यं खराब सिग्नलवर एकच आहेत. ‘व्हय’ तर निम्मा हवेतच विरतो. विमानवाल्यांनी ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ यांची शेपटं सारखी ऐकू येतात म्हणून पहिला शब्द ‘अफर्म’ असा आखडून घेतला. आपली अडचण त्याच जातीची. जहाजांचा उपाय जास्त सोपा आहे: होय किंवा नाही म्हणा आणि पाठोपाठ पूर्ण वाक्य बोला. ‘होय, गच्चीवर माणसं आहेत, तीन.’ ‘नाही, गच्ची रिकामी आहे.’ दुसऱ्या वाक्यात ‘रिकामी’ हा वेगळा शब्द मुद्दाम आणलाय. नकारासाठी शक्य तिथे असा स्वतंत्र शब्द शोधा: रिकामी, बंद, अडलंय, संपलं.

आकडे सुटे बोला. ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’, ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ हे आकडे समोरासमोरही चुकतात. २९ म्हणजे ‘दोन नऊ’. वेळ चोवीस तासांची: दुपारचे अडीच म्हणजे ‘एक चार तीन शून्य’. सव्वा, पावणे, साडे पूर्ण बंद.

पण सुट्या आकड्यांची सवय लागली की एक नवा सापळा तयार होतो. ‘चार-पाच माणसं आहेत’ असं आपण सहज म्हणतो. ऐकणारा लिहून घेतो ४५. ‘दहा-बारा’चंही तेच. अंदाज असेल तर मोठा आकडा एकच सांगा आणि ‘अंदाजे’ जोडा: ‘अंदाजे पाच’. ‘बहुतेक’, ‘जमलं तर’, ‘बघा जरा’ हेही काढून टाका. ‘जमलं तर जाऊन या’ ही सूचना आहे की विनंती, हे बोटवाल्याने पाण्यावर बसून ठरवायचं नसतं.

नावाचं अक्षर सांगायची वेळ आली तर बालवाडी कामाला येते: ब बदकाचा, भ भटजीचा, ग गणपतीचा, घ घराचा. ब-भ, द-ध, ग-घ या जोड्या सेटवर हमखास फसतात.

ठिकाण

पुरात पाट्या बुडतात, रस्ते दिसत नाहीत, आणि मारुती, दत्त, विठ्ठल यांची मंदिरं गल्लोगल्ली असतात. उन्हाळ्यातच गावाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून त्यावर अडीचशे मीटरचे चौकोन आखा. उभ्या ओळींना क, ख, ग, घ देऊ नका, ती अक्षरं एकमेकांच्या फार जवळची आहेत. क, ज, म, र, स द्या. आडव्या ओळींना आकडे. प्रत्येक बोटीला एक प्रत, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेली.

काठ सांगताना पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे तोंड करून डावा-उजवा धरतात. सांगली शहर डाव्या काठाला, सांगलीवाडी उजव्या. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे शब्द बोलणारा कुठे आहे त्यावर बदलतात, म्हणून ते वर्ज्य.

मोबाईलला नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. अक्षांश-रेखांश सांगायचे असतील तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एकच पद्धत लावा. समुद्रावर अंश आणि मिनिटं वापरतात, मोबाईलचे नकाशे दशांश अंश दाखवतात. १६ अंश ५१.२ मिनिटं ही सांगलीची जागा कुणी १६.५१२ अंश म्हणून लिहिली, तर बोट जवळपास ३८ किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकात चिक्कोडीच्या बाजूला पाठवावी लागेल. दशांश अंश ठरवा, चार घरांपर्यंत सांगा. तेवढ्यात दहा-अकरा मीटरची अचूकता मिळते.

मेडे, पॅन-पॅन, सेक्युरिते

जिवाला तत्काळ धोका असेल तरच मेडे: बोट उलटली, पाणी भरतंय, माणूस वाहून चाललाय. क्रम पाठ असावा.

‘मेडे, मेडे, मेडे. बेदाणा, बेदाणा, बेदाणा बोलतोय. मेडे, बेदाणा. चौकोन म-सात, डावा काठ. पंख्यात वायर अडकली, इंजिन बंद, बोट वाहतेय. दुसरी बोट आणि दोर हवा. बोटीत माणसं नऊ, लहान मुलं दोन. सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे. ओव्हर.’

ठिकाण आधी का? सेट मध्येच बुडाला तरी निदान शोधायला कुठे जायचं ते कळलेलं असतं. नऊमध्ये मुलं धरलेली आहेत; आकडा नेहमी एकूण सांगायचा. खरं तर तो आकडा केंद्राकडे आधीच असायला हवा. प्रत्येक खेपेला बोट सुटण्याआधी ‘माणसं किती’ हे कळवायचं आणि केंद्राने तो बोटीच्या क्षमतेशी ताडून बघायचा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. केंद्राला बोट अडवायचा अधिकार नसेल तर हा आकडा नुसता वहीत राहतो.

मेडे ऐकू आला की बाकीच्यांनी गप्प. केंद्र उत्तर देतं: ‘मेडे, बेदाणा. केंद्र बोलतंय. मेडे मिळाला. हळकुंड निघालंय.’ केंद्राचं उत्तर आलं नाही तर जवळच्या बोटीने ‘मेडे रिले’ तीनदा म्हणून तोच निरोप पुढे द्यायचा. उंचवट्यावरच्या सेटला केंद्र ऐकू येत असतं, खालच्याला नसतं. जहाजांवर शांततेसाठी ‘सीलॉन्स मेडे’ आणि ती उठवायला ‘सीलॉन्स फीनी’ म्हणतात. आपण ‘सगळे शांत, मेडे चालू’ आणि ‘मेडे संपला, बोला’ म्हटलं तरी चालेल, फक्त शब्द आधी ठरलेले हवेत.

पॅन-पॅन (तीनदा) तातडीसाठी, जिथे अजून जीव जात नाहीये: गरोदर बाई, डायलिसिसचा रुग्ण, पेट्रोल संपत आलेली बोट. सेक्युरिते म्हणजे इतरांसाठी इशारा: बुडालेली कंपाउंड भिंत, लोंबणारी तार, हरिपूरच्या संगमाकडे वाहत निघालेलं झाड.

शांत मिनिटं, वही आणि ओले सेट

जुन्या जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर दर तासाला आणि अर्ध्या तासाला तीन मिनिटांचा रंगीत पट्टा असायचा. तेवढा वेळ २१८२ किलोहर्ट्झवर सगळे गप्प बसून क्षीण हाक येते का ते ऐकायचे. समुद्रावर ही पद्धत आता मागे पडली, पण एकाच चॅनेलवर सहा बोटी असतील तर ती फार उपयोगी आहे. तासाला आणि साडेला तीन मिनिटं फक्त केंद्राने हजेरी घ्यायची. एखादी बोट लागोपाठ दोन हजेऱ्यांना आली नाही तर तिला शोधायला निघायचं.

केंद्रावर दोन माणसं लागतात, एक बोलायला, एक लिहायला. वहीत चार रकाने: वेळ, कोणाकडून, कोणाला, निरोप. मृतांची नावं चॅनेलवर घेऊ नका. सेट कुणीही ऐकू शकतो आणि बोटीत नातेवाईक बसलेले असतात. त्यासाठी एक साधा सांकेतिक शब्द ठरवा.

आयपीएक्स७ लिहिलेला सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण मागचं रबराचं झाकण नीट बसलं असेल तरच. आयपी५४ म्हणजे शिंतोड्यांपुरता. असा सेट पारदर्शक झिप पिशवीत घाला; पिशवीतूनही बोलता येतं. आवाज अचानक दबका झाला तर मायक्रोफोनच्या जाळीत पाणी साचलंय. सेट उलटा धरून झटका. बॅटरीचे डब्यावर लिहिलेले तास पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के शांतता या हिशेबाने काढलेले असतात. पुरात बोलणं त्याच्या कितीतरी पट होतं, म्हणून बारा तासांची बॅटरी पाच-सहा तासांत बसली तर सेट बिघडला असं समजू नका. प्रत्येक सेटला एक जादा बॅटरी ठेवा, आणि वीज नसणारच हे धरून ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चार्जर. सेट पूर्ण बुडाला असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा: आधी बॅटरी काढा, गढूळ पाणी असेल तर साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, दोन दिवस वाऱ्यावर वाळवा. ओली बॅटरी चार्जरला लावायची नाही. किंवा वर सांगितलेल्या रीतीने: नको, ओल्या बॅटरीला चार्जर नको.